मी हटत नाही, कारण आप्पाजींची पाळी आहे

मी डायलॉग बोलतोय. नाटकातला नव्हे, मोबाइलमधला. तुम्ही कामात असता आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवून प्रश्न विचारते ना, तो मी. मला पाहिलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. माझ्यामुळे एका माणसाची डायलिसिसची पाळी वाचली आहे, आणि हे सांगताना माझी छाती फुगते.

माझा जन्म कन्नड मुलखात, कोरमंगलातल्या एका ऑफिसात झाला. डायलिसिसच्या पाळ्या ठरवून देणारं ॲप तिथे बनत होतं. आदल्या दिवशी पेशंटच्या घरच्यांना 'उद्या येणार का?' असं विचारायचं, एवढंच माझं काम. 'नाही' म्हटलं की ती खुर्ची दुसऱ्या गरजूला मिळायची. मला घडवणारी सुखदा पुण्याहून आलेली. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिने मला घडवलं नव्हतंच, तयार साच्यातला उचलून ठेवला होता. हजार ॲपमध्ये असतो तसा, खाली शेजारी शेजारी दोन बटणं.

तिथेच घात झाला. आनेकलच्या एका कपड्यांच्या कारखान्यात भाग्यलक्ष्मी शिलाई करते. कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत ती एकेक ॲप उघडते, तर प्रत्येकाच्या दारात माझे भाऊबंद उभे! अपडेट करा, रेटिंग द्या, ऑफर बघा. सगळ्यांचं 'आत्ता नको' एकाच जागी, त्यामुळे तिचा अंगठा न बघताच तिथे पडतो. एका बुधवारी तो माझ्यावरही पडला. माझं त्या जागचं बटण होतं 'नाही'.

गुरुवारी सकाळी तिचे वडील आप्पाजी केंद्रावर पोचले, तर त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिलेली. दुसरी खुर्ची रिकामी होईपर्यंत, म्हणजे पार संध्याकाळपर्यंत, ते सुजलेले पाय घेऊन बाकावर बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यार, युजरची चूक आहे," सुखदाचा साहेब पुष्कर म्हणाला. "वाचायला नको का?"

दुसऱ्या दिवशी सुखदा बस धरून आनेकलला गेली आणि सुट्टीत भाग्यलक्ष्मीशेजारी जाऊन बसली.

"तुम्ही वाचत नाही का, अक्का?"

"अर्ध्या तासात जेवायचं, घरी फोन लावायचा, मॅडम. वर आलेलं झाडून टाकायचं, वाचतंय कोण? आता मात्र स्वल्प भीतीच बसली बघा. फोन उघडायलाच नको वाटतंय."

सुखदाने त्या दिवशी फक्त तिचा अंगठा पाहिला. परत आल्यावर मला मुळापासून नवा केला. बटणं एकाखाली एक आली. अंगठा पडायची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. वर ठळक कन्नड अक्षरांत पेशंटचं नाव, वार आणि वेळ. 'हो' आणि 'नाही' जाऊन 'पाळी ठेवा' आणि 'पाळी सोडा' आलं. आणि कुणी बाजूला बोट लावलं तरी हटायचं नाही, अशी मला सक्त ताकीद.

पुष्करने नाक मुरडलं. "बाकी ॲपपेक्षा वेगळाच दिसतोय. लोक वैतागतील."

"वैतागू देत. वैतागले की थांबतील. बाकीचे डायलॉग तुझ्या मनासारखे ठेव, हा एक माझा."

"सरी, ठीक आहे. पण बुधवारी तक्रारी आल्या तर हा जाणार."

बुधवार आला. भाग्यलक्ष्मीचा अंगठा सवयीने रिकाम्या जागी पडला. मी हललो नाही. पुन्हा पडला, तरी नाही. तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं. 'आप्पाजी. गुरुवार, सकाळी सात.' तिचा घास हातातच राहिला. तिने दोनदा वाचलं, 'पाळी ठेवा' दाबलं, आणि मी नाहीसा झालो. जेमतेम दहा सेकंदांचं ते आयुष्य, पण असं सार्थक झालेलं किती जणांच्या वाट्याला येतं?

तक्रारी आल्याच, चांगल्या तीन. 'ही चौकट हटत नाही.' पुष्करने त्या वाचल्या, मग गुरुवारची हजेरी उघडली. सकाळी सात, आप्पाजी, हजर. त्याने मला काढायचं नाव पुन्हा घेतलं नाही.

तेव्हा मंडळी, मी आडवा आलो तर खुशाल वैतागा, शिव्याही द्या. फक्त माझ्यावर कुणाचं नाव लिहिलंय तेवढं आधी वाचा, मग मला घालवा.