पुनवेआधीचा नारळ

नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय आम्ही कोळी होडी पाण्यात घालत नाही. त्या वर्षी ती आषाढातच घातली, आणि घालायला लावली मीच.

गिरगावचा रमाकांत हलती चित्रं काढायचं यंत्र घेऊन प्रभादेवीच्या किनाऱ्यावर आला. यंत्र कुणा साहेबाचं, पुनवेपर्यंत राहणार नव्हतं. म्हणाला, "तुळसाबाई, सण आजच करू. नारळ कागदाचा चालेल, पाणी तेवढं खरं पाहिजे. बघणाऱ्याला काय कळतंय? तुम्ही चित्रात सगळ्यांच्या पुढे."

माझ्या नथीएवढी मोठी नथ अख्ख्या किनाऱ्यावर कुणाची नव्हती. मी हो म्हटलं. वर सांगितलं, "रडायचं असेल तरी सांग. माझ्यासारखं सोंग कुणाला जमायचं नाही."

माझा लेक हरेश्वर मात्र अडून बसला. "आये, दर्या अजून उकळतोय."

"पन्नास हात जा नि फिर. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

तो गेला. रमाकांत यंत्राचा दांडा फिरवू लागला. होडी वळते तोच आडवी लाट आली, वल्हं मोडलं, आणि पाण्याची ओढ तिला खडकांकडे नेऊ लागली. मी हाका मारत कंबरभर पाण्यात शिरले.

मागून रमाकांत म्हणाला, "छान, बाई. तोंड जरा इकडे करा."

"मेल्या, लेक बुडतोय माझा."

"हां, असंच म्हणत राहा."

त्याचा तरी काय दोष. सोंगाची बढाई मीच मारली होती.

माझा दीर विठोबा कमरेला दोर बांधून पोहत गेला. होडी खडकावर फुटली, पण हरेश्वर त्याच्या हाताला लागला. वर ओढला तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे सोललेले. ते रक्त बघून रमाकांतचा हात दांड्यावरच थिजला. "बाई, मला वाटलं... बंद करतो."

"तुझं तू बघ," मी म्हटलं.

कागदाचा नारळ वाळूत टाकला नि विठोबाला घरचा खरा आणायला पिटाळलं. दर्याला बोलावून त्याची थट्टा केली होती; तशीच पाठ फिरवून घरी जायची माझी छाती नव्हती. नारळ आला. हरेश्वरला हाताला धरून लाटांसमोर उभा केला. नारळ त्याच्या ओंजळीत दिला.

कुडकुडत त्यानं विचारलं, "आये, हे पण चित्रासाठी का?"

"गप. दर्याकडे तोंड कर."