पातेल्याची साक्ष

गोरखचिंचेखाली सगळं आतियाबिसी गाव लोटलं होतं. मधोमध तीन दगडांच्या चुलीवर गावच्या भगताचं, अकोल्गोबाबाचं रुंद, सपाट बुडाचं पातेलं तापत होतं. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता, तरी पाण्यावर टाकलेला ज्वारीचा कोंडा सरळ पूर्वेकडे निघाला होता. पूर्वेला तालाता बसली होती.

“बघा, बघा!” अकोल्गोनं गायीचं शेपूट हवेत फिरवलं. “माणूस खोटं बोलेल, पाणी बोलेल का? हिनंच शेजारणीचं पोर खाल्लं! पूर्वज झोपत नसतात!”

पूर्वज झोपत नसतील, पण गावाची अक्कल मात्र गाढ झोपली होती. कोंड्यानं चेटकीण म्हणून दाखवलेल्या बाईनं सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं आणि टेकडीपलीकडे, हाकललेल्या बायकांच्या वस्तीत मरेपर्यंत राहायचं, असा रिवाज होता.  तालाताचं तान्हं मूल नवऱ्यानं आधीच काढून घेतलं होतं.

गर्दीतली लामिसी पाण्याकडे बघत नव्हती, ती अकोल्गोकडे बघत होती. अकरा वर्षांपूर्वी तालाताच्या जागी तिची आई लारिबा बसली होती, आणि त्या वस्तीतच मेली. लामिसीचं रडून झालं होतं. राग तेवढा शिल्लक होता, आणि तो तिनं जपून ठेवला होता.

एरवी पातेलं अकोल्गोचे भाऊ आणत. आज ते बोल्गाच्या बाजाराला गेले होते, म्हणून पातेलं वाहायचं काम ज्वारीची दारू गाळणाऱ्या बायकांवर आलं होतं. डोक्यावर घेण्याआधी त्यांच्यातल्या लामिसीनं सवयीनं आत बघितलं होतं. पाण्याचा जुना डाग काठाला समांतर नव्हता, एका बाजूला दोन बोटं वर चढला होता. असा डाग दिसला की गावातली कुठलीही बाई म्हणेल, चुलीचा दगड बसलाय, खापराची चीप सार. घरी रोज हेच करणाऱ्या बायका या झाडाखाली आल्या की हात जोडून बसत. इथली चूल त्यांना चूलच वाटत नसे. लामिसीलाही अकरा वर्षं वाटली नव्हती, आणि त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

ती उठली.

“बाबा, पूर्वेचा दगड एवढा खाली का?”

“ए पोरी, बस खाली! पूर्वज कोपतील!”

“कोपू देत. माझी आई खाल्लीत, आता काय उरलंय?” तिनं ओली पोती आणि दांडकं मागवलं. दोन बायकांनी पातेलं पूर्वेकडून उचललं, लामिसीनं खाली दोन जाड चिपा सारल्या. मग तिनं पळी बुडावर फिरवली. खर्रर्र आवाज झाला. “ऐकलंत? बूड तासणीनं घासून खरबरीत केलंय.”

कोंडा थबकला, डळमळला आणि हळूहळू उलटा फिरला. पश्चिमेला अकोल्गो बसला होता.

 मग कुणीतरी ओरडलं, “हाच चेटक्या! पातेलं बोललं! हाणा याला!”

लोकांनी दगड उचलले. अकोल्गो लामिसीच्या पायांशी आला. “लामिसी, पोरी, सांग ना यांना!”

तिला वाटलं, सांगू नये. तोंड मिटून उभं राहिलं की झालं. किती गोड वाटलं असतं! ती उभीही राहिली थोडा वेळ, आणि त्याला घाम फुटलेला बघून घेतला. पण मग तालाताकडे नजर गेली. आज पातेल्याचं खरं मानलं, तर उद्या ते पुन्हा कुणातरी बाईचं नाव घेणार होतं.

“थांबा रे मूर्खांनो!” तिनं चिपा काढून दुसऱ्या दगडावर, पातेल्याखाली सारल्या. थोड्या वेळानं कोंडा मुखियाकडे, नाबाकडे निघाला. “आता नाबाला हाणणार? का आता चीप हलवून कोंडा तुझ्याकडे फिरवू, ओरडणाऱ्या?”

नाबा घाईघाईनं जागेवरून उठला. मागे कुणीतरी हसलं.

“तापलेलं पाणी तिरक्या बुडावरून चढाकडे सरकतं, तिथं वर येतं आणि वरून उताराकडे वाहतं. बूड खरबरीत असलं की पाणी लवकर सुटून जोरात उसळतं. कोंडा पाण्याबरोबर जातो. पाण्याला तुमचं नाव ठाऊक नसतं. उतार याचा, तासणी याची, आणि डोळे मिटलेले आपले!”

दगड एकेक करून खाली पडले. तालातानं नवऱ्याच्या हातातून मूल ओढून घेतलं.

“नाबा, याला मारायचं नाही, हाकलायचं नाही,” लामिसी म्हणाली. “मला एवढं स्वस्तात नको. दर बाजाराच्या दिवशी यानं इथं चूल मांडायची आणि स्वतःच्या हातानं चीप काढून-घालून लबाडी दाखवायची. मरेपर्यंत.”

नाबानं मान डोलावली.

“आणि पहिल्यांदा टेकडीपलीकडे. उचल पातेलं, डोक्यावर घे. माझी आई बघायला नाही. पण अजून सोळा जणी आहेत तिथं, त्यांना दाखव, आणि मग हात जोडून घरी घेऊन ये.”