पंपघराचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. गिरणीचा नव्हे, शाळेचाही नव्हे. एका अणुवीज केंद्राच्या पंपघरात मी भिंतीवर टांगलेला असे. अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी तिथल्या जाड पाइपांतून वाहायचे. त्यातला किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास येत नाही, अंगाला लागला तरी चटका बसत नाही. म्हणून तो मोजणारी एक पेटी भिंतीवर होती आणि तिला तारेने जोडलेला मी. पेटीने इशारा दिला की मी ओरडायचे आणि माणसांनी हातातले टाकून बाहेर पळायचे, एवढेच माझे काम.

कारखान्यात पत्रा वळवून, लाल रंग देऊन मला घडवले. तपासणाऱ्या बाईंनी मला वाजवले आणि कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "हा मेलेल्यालाही उठवेल." ती माझी पहिली शाबासकी. केंद्रातही सुरुवातीला माझा मान मोठा होता. मला रोज पुसत. मी वाजलो की पंपघर क्षणात रिकामे होई.

तिथे एक फिटर होते. विभागाचा प्रमुख त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो त्यांना 'भावोजी' म्हणे, म्हणून सगळे केंद्रच त्यांना भावोजी म्हणू लागले, अगदी निवृत्तीला टेकलेले डॉक्टरसुद्धा. "एका लग्नात एवढे मेहुणे कुणाला मिळालेत?" असे म्हणून ते हसत.

पुढे पेटीत ओल शिरली. ती कारण नसताना इशारे देऊ लागली आणि मी उगाच ओरडू लागलो. प्रमुखाने नवी पेटी मागितली. "पाठवतो," असे उत्तर आले, पेटी काही आली नाही. पळणारी माणसे आधी चालत जाऊ लागली. नंतर तर नुसती मान वर करून माझ्याकडे बघत आणि पुन्हा कामाला लागत.

वार्षिक दुरुस्तीसाठी भट्टी बंद होती. कामाचा डोंगर होता, आणि मी सकाळपासून ओरडत होतो. भावोजींनी पाना खाली ठेवला.

"अरे, याचं तोंड बंद कर रे बाबा. डोकं उठलंय."

प्रमुखाने शिडी लावली, पोत्याचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि वरून दोरी आवळली. "घ्या भावोजी, आता निवांत काम करा." प्रेमानेच केले हो त्याने.

दुपारी भावोजी एकटेच कोपऱ्यातला व्हॉल्व्ह सोडवत होते. तो पाइप रिकामा केला आहे असे त्यांना सांगितले होते. पण झाकण सैल होताच उरलेले पाणी आणि तळाचा गाळ त्यांच्या हातांवर, छातीवर आला. पेटीचा इशारा या वेळी खरा होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. बाहेर पडली ती नुसती घरघर, आणि शेजारच्या पंपाच्या आवाजात तीही विरली. भावोजींनी बाहीने तोंड पुसले आणि काम पुरे करत बसले. छातीवरचा बिल्ला किरणे नोंदवत होता, पण त्याला आवाज नसतो. दारातल्या तपासणी यंत्रापाशी आले, तेव्हा कुठे कळले.

काही वर्षांनी त्यांच्या रक्तात दुखणे निघाले. त्या दुपारमुळेच का, याला डॉक्टरांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

पुढचे मला प्रमुखाकडून कळले. आता मी प्रशिक्षणाच्या वर्गात टेबलावर असतो आणि तो नव्या लोकांना हे सारे सांगतो. इस्पितळात भावोजी त्याला म्हणाले होते, "मनाला लावून घेऊ नकोस. मीच म्हणालो होतो ना."

"तुम्ही म्हणालात. गाठ मी मारली."

भावोजी गेल्यावर त्याच्या ताईने एकदाच विचारले, "तिथे भोंगा नव्हता का रे?"

"होता."

"मग?"

इथवर आला की तो खिडकीकडे वळतो. ताईला काय सांगितले, ते त्याने वर्गाला अजून सांगितलेले नाही.

मित्रांनो, खोटा ओरडणारा भोंगा जीव खातो, हे मला ठाऊक आहे. त्याला शिव्या द्या, उघडून दुरुस्त करा, नाहीतर बदलून टाका. पण त्याचे तोंड बांधू नका. तो गप्प झाला की तुम्हाला बरे वाटते, आणि मला भीती वाटते ती त्या बरे वाटण्याचीच.