हुंकाराची संमती

निदियाच्या उजव्या तळहातावर आलेली नवी कातडी गुलाबी होती आणि बोटांच्या मुळाशी इतकी ताणलेली, की मूठ अर्धीच मिटे. म्हणून भाकरीसाठी कसावाचे कंद किसायला आज तिची आई बासिलिया एकटीच बसली होती.

हात भाजला तो कुंपणापलीकडच्या नव्या शहरात, धुलाईघरात. शहर होंडुरासच्याच किनाऱ्यावर, पण कायदे त्याचे स्वतःचे. देशाच्या कामगार न्यायालयानं सांगितलं, आमचा अधिकार तिथं चालत नाही. शहराचा न्यायाधीश पडद्यावर दिसला, परक्या देशात बसलेला. तो म्हणाला, गरम यंत्राजवळ हात नेणं हा तुमचा स्वतःचा निर्णय. याला ते नव्या कायद्याचा प्रयोग म्हणतात. प्रयोग फसला की भाजतं कोण, हे त्यात आधीच ठरलेलं असतं.

आता त्या शहराला हे गावही आपल्या हद्दीत हवं होतं. पंचायतीची प्रमुख बासिलिया. निदियाची नोकरी जाईल या भीतीनं ती वर्षभर "बघू" म्हणत आली होती.

दुपारी शहराचा अधिकारी रेनान अंगणात आला. मागोमाग शेजारीही जमले.

"बासिलियाबाई, सभेत गाव कबूल झालं होतं. त्याचं ध्वनिमुद्रण आहे माझ्याकडे." त्यानं ते फोनवर लावलं. त्याच्या भाषणात दर वाक्याला सगळ्यांचं "हं" ऐकू येत होतं.

म्हातारे तिबुर्सियो हसले. "अरे बाबा, बोलणाऱ्याला हुंकार द्यायची रीत आहे आमची. हं म्हणजे ऐकतोय. तुझी गोष्ट लांबली, तरी देत राहिलो."

"पटत नव्हतं तर तेव्हाच नाही म्हणायचं."

"सभेत तूच वाढलेली मासळी खाता खाता?"

रेनान बासिलियाकडे वळला. "निदियाला बसून करायचं काम देतो. आता फक्त तुमचा होकार राहिलाय. नाहीतर तिचं शहरात येणं बंद."

"आई," निदिया म्हणाली, "माझ्यासाठी हो म्हणू नकोस. माझ्या हातासाठी 'नाही'सुद्धा म्हणू नकोस. गावाचं काय ते बोल."

रेनान पुन्हा समजावू लागला: नवे रस्ते, दवाखाना, झटपट न्याय. या वेळी एकाही तोंडातून हुंकार निघाला नाही. तो अडखळला, थांबला.

बासिलियानं किसणी बाजूला ठेवली. "फोनमध्ये हेही टिपून घे," ती म्हणाली. "नाही. आमचं गाव तुमच्या कायद्याखाली येणार नाही."