बाथरूमची भिंत

प्लंबरने टाइल्सवर बोटाने ठोकून पाहिलं. "इथनं फोडावी लागेल. जुने लोखंडी पाइप, वहिनी. आतून गंजून चोंदलेत. दोन दिवसांचं काम."

दोन दिवस धूळ. तिच्या पाच महिन्यांच्या लेकीची छाती अजून घरघरत होती, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, धुळीपासून लांब ठेवा. दोन खोल्यांच्या घरात लांब म्हणजे कुठे?

"फोडा एकदाचं," दारातून सासूबाई म्हणाल्या. "बादली भरेपर्यंत माझी अंघोळीची इच्छाच मरते."

प्लंबरने छिन्नी काढली.

"काका, थांबा जरा." झोपेविना तिचे डोळे चुरचुरत होते. "स्वयंपाकघरात पाणी धो धो येतं. इथेच गरम, गार दोन्ही नळांना करंगळीएवढी धार. जाळ्या मी काल काढून धुतल्या, कचरा नव्हता."

"माझ्या पोटावर पाय देता की काय, वहिनी? अहो, म्हणूनच म्हणतो, या भिंतीतला पाइप गेलाय."

"पण मागच्या आठवड्यापर्यंत नीट येत होतं. गंज असा एका दिवसात चढतो?"

छिन्नी थांबली. "एका दिवसात धार गेली? मग गंज नाही. मग कुणीतरी बाथरूमचा मुख्य कॉक फिरवलाय."

"कोण फिरवणार?" सासूबाई म्हणाल्या. "माझा लेक बल्ब बदलायलासुद्धा माणूस बोलावतो."

नेमका वार कोणता, ते पाहायला तिने बाळाची वही आणली. दूध, झोप, औषध, सगळं त्यात मिनिटांनिशी टिपलेलं. सोमवारच्या पानावर तिचंच अक्षर होतं : 'दु. २.१० दूध, १२ मि. २.३० झोपली. पाइपची शिट्टी वाजतेय. मशीनमागचा कॉक आवळला. शिट्टी बंद.'

तिने ते दोनदा वाचलं. काही म्हणता काही आठवेना. जणू दुसऱ्याच बाईने येऊन लिहून ठेवलं होतं. वही मिटून टाकावी, असं क्षणभर वाटलं.

"मीच," ती म्हणाली. "बाळाची झोप मोडू नये म्हणून बंद करत आणला आणि विसरले."

प्लंबरने वॉशिंग मशीन सरकवून कॉक उघडला. नळ दोनदा खोकला आणि बादलीत भरभरून धार पडली. पाठोपाठ पाइपने शिट्टी मारली.

"कॉकचा वॉशर झिजलाय. दहा मिनिटांत बदलतो, धूळ नाही की काही नाही."

ती सासूबाईंच्या बोलण्याची वाट पाहत उभी राहिली. ऐकून घ्यायलाही अंगात त्राण नव्हतं.

"मला वाटायचं, या घरात विसरायचं खातं माझ्याकडेच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्टुलावरची हत्यारं उचलून प्लंबरच्या पिशवीत टाकली. "बस इथे. ती उठली तर मी घेते."

ती स्टुलावर बसली आणि पाठ भिंतीला टेकली. टाइल्स गार होत्या, तिचा डोळा लागला. बादली काठोकाठ भरून वाहायला लागली, तरी तिला कळलं नाही.