हात उचलला ती जागा

आमच्या ह्यांची वाचा गेली तेव्हा मला पहिली काळजी कादंबरीची वाटली, खोटं कशाला बोलू. माणूस दवाखान्यात आडवा, उजवी बाजू लुळी पडलेली, आणि माझ्या डोक्यात काय, तर आता त्या दोघी प्रकाशक बहिणी हस्तलिखिताचं बाड परत आणून देणार.

हे जन्मभर लेथवर टर्नर होते. नोकरी संपली, हे कादंबरी लिहायला बसले आणि आमचं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. मोठ्या प्रकाशकांकडे पाठवली, तर एकानेही साधी पोच दिली नाही. मग कुणीतरी ह्या दोघी बहिणींचं नाव सुचवलं. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. एक पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली, दुसरीत दोन खुर्च्या आणि चहाची किटली. वर्षाला मोजकी पुस्तकं काढतात, तीही कथा-कादंबऱ्याच. मी ह्यांना म्हटलं, हे प्रकाशन आहे की भातुकली? पण त्यांनी बाड खरोखर वाचलं होतं. थोरलीला त्यातला लेथचा 'चक' म्हणजे काय ते कळेना, तर ती एका वर्कशॉपमध्ये जाऊन सकाळभर लेथपाशी उभी राहिली, फिरणारं लोखंड पकडून धरणारा तो जबडा बघत. मला न कळलेला शब्द मी छापत नाही, म्हणाली. मी ह्यांच्याबरोबर उभा जन्म काढला, पण चक म्हणजे काय ते मीही कधी विचारलं नव्हतं.

मग धाकटीचे फोन सुरू झाले. इथलं थोडं कमी करू का, तिथलं पुढे नेऊ का. हे आपले प्रत्येक वेळी म्हणायचे, तुम्ही म्हणाल तसं. घरात मला एका शब्दाने ऐकून न घेणारा माणूस, फोनवर नुसतं लोणी.

त्यातच झटका आला. आम्ही घरी परतलो आणि आठवड्याभरात दोघी दारात, हातात जुळवलेल्या पानांचा गठ्ठा. मी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. तिथेच सांगितलं, की हे आता काही सांगू शकत नाहीत. डॉक्टर म्हणालेत, दुसरा झटका कधीही येईल. तुम्हाला योग्य वाटतं तसं छापा, पण लवकर छापा. मला एवढंच हवं होतं, की हे असेपर्यंत पुस्तक ह्यांच्या हातात पडावं.

थोरलीने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, आम्ही छापायच्या आधी सगळं पुस्तक लेखकासमोर मोठ्याने वाचतो. वाचन चालू असताना लेखकाने बोलायचं नसतंच. खटकलं की फक्त हात वर. दादांचा डावा हात चालतो ना? मग आपलं काही अडलेलं नाही."

मी दारातून बाजूला झाले. ती दया दाखवत नव्हती, आपल्या कामाची रीत सांगत होती. ह्यांनी आतून ते ऐकलं असणार, कारण मी खोलीत गेले तेव्हा हे उशीला टेकून बसायची धडपड करत होते.

रोज दुपारी वाचन. धाकटी वाचायची, तेही स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणत. थोरली पेन्सिल घेऊन पानावर डोळे लावून बसायची. पहिल्या दिवशी मी पदर तोंडाला लावून हसले. ह्यांचा हात वर गेला की दोघी थांबायच्या. हा शब्द का? हा? की त्याच्या आधीचा? ह्यांनी होय म्हणून मान हलवेपर्यंत एकेक शब्द विचारायच्या. एक माणूस खुर्चीवर 'बसला' की 'टेकला', ह्यात एक अख्खी दुपार गेली. कुणी कंटाळलं नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. न झालेल्या माणसाच्या न झालेल्या बसण्यासाठी एवढा जीव टाकणारी माणसं जगात असतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. एवढ्या निगुतीने मी माझी पोरं वाढवली नाहीत. हळूहळू माझाच चहा उकळून उतू जायला लागला, आणि मी दाराला टेकून ऐकत उभी.

आणि मग ती जागा आली. कादंबरीतल्या माणसाचं वर्कशॉप बंद पडतं. तो बायकोला सांगत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बागेत बसतो, संध्याकाळी परत येतो. हे आमच्याच घरात झालं होतं. धाकटी वाचत होती, की संध्याकाळी त्याने शर्ट काढून दिला, ती तो धुवायला घेऊन गेली, सकाळी तो पुन्हा डबा घेऊन निघाला.

हात वर.

त्यांनी एकेक शब्द विचारला. ह्यांनी मान हलवली नाही. वाक्य फिरवून वाचलं, तोडून वाचलं, जोडून वाचलं. तिथे आलं की हात वर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी पानं छापखान्यात पोचायला हवी होती. ती वेळ चुकली की छापखाना शाळेच्या पुस्तकांत अडकणार आणि पुढचे तीन महिने आपल्याला कुणी विचारणार नाही, हे थोरलीनेच मला सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, बायांनो, तुमच्या ह्या चिकित्सेपायी हा माणूस पुस्तक न बघताच जाईल. तीन साधी वाक्यं आहेत, त्यात कसलं एवढं खटकतंय? थोरली चिडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "पुस्तक त्यांच्या हातात वेळेवर पडेल की नाही हे मला सांगता येत नाही, वहिनी. पण जे पडेल ते त्यांचंच असलं पाहिजे."

मग मी ह्यांच्याकडेच वळले. अहो, घ्या ना हात खाली, म्हटलं, एवढंसं राहिलं तर काय बिघडतंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पण हात खाली आला नाही. मला रागही आला आणि भीतीही वाटली.

धाकटीने पानं मांडीवर ठेवली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"ताई," ती थोरलीला म्हणाली, "आपण इथे जे आहे त्यात शोधतोय. इथे जे नाही, ते खटकतंय त्यांना. इथलं एक वाक्य मी काढलंय. फोनवर. मला वाटलं, वाचणाऱ्याला न सांगता कळेल. दादा म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं."

थोरलीने पेन्सिल खाली ठेवली. धाकटीने डोळे मिटले आणि पाठ म्हणावं तसं ते म्हटलं. काढून टाकलेलं वाक्य तिला तोंडपाठ होतं. "डाग नसलेला शर्ट ती डाग असल्यासारखा घासत होती; त्याने ते दारातून पाहिलं, आणि आपण पाहिलंय हे तिला कळू नये म्हणून तो पाय न वाजवता मागे फिरला."

ह्यांचा हात खाली आला.

ह्यांचं काम गेलंय हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. शर्टाला तेलाचा डाग नाही, वास नाही. मला कळलंय हे ह्यांना कळलं तर माणूस खचेल, म्हणून मी तो रोज साबण लावून खसाखसा घासायची. नवी नोकरी लागेपर्यंत घासला. पुढे कधी विषय काढला नाही, आईजवळही नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, हे एकटीने लपवलंय मी.

"तुम्ही दारात होतात?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बघून होय म्हणून सावकाश मान हलवली. मी पलंगावरच बसले आणि त्या दोघींसमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं. धाकटीही रडत होती. वाक्य काढलं म्हणून की ते आठवलं म्हणून, कोण जाणे.

थोड्या वेळाने थोरली घसा खाकरून म्हणाली, की हे घातलं की पुढची सगळी पानं सरकणार, पुन्हा जुळवावी लागणार, शुक्रवार काही गाठता येणार नाही. आणि पहिल्यांदाच तिने, तुमचं काय म्हणणं आहे, असं माझ्याकडे बघितलं.

मी ह्यांचा डावा हात धरला होता. म्हटलं, "जाऊ दे शुक्रवार. ते वाक्य आधी जागेवर बसवा."