दोन हात

टेलरमास्टरांना चिकट गोष्टींची लहानपणापासून शिसारी. गोंद, मध, घामेजलेला हात, कशाशीच त्यांचं कधी जमलं नाही. चाळीस वर्षं कात्री चालवली ती कोरड्या कापडावर, म्हणून निभावलं. आणि त्याच माणसावर रविवारी सकाळी घरामागच्या शेडमध्ये मुलीच्या गाडीच्या बॉनेटवर क्लिअर कोट मारायची पाळी आली.

पाळी ओढवून घेतली त्यांनीच. गाडी घेतली तेव्हा मुलीनं दुसरी किल्ली बाबांच्या हातात दिली होती, एकाच अटीवर: न्यायची तर विचारून न्यायची. त्या किल्लीचा त्यांना कोण अभिमान. दिवसभर सदऱ्याच्या खिशात, झोपताना उशाशी. मुलगी कामासाठी बाहेरगावी गेली आणि गुरुवारी मास्टर न विचारता गाडी घेऊन अस्तराचं कापड आणायला गेले. परत येताना फाटकाच्या कडीनं बॉनेटवर वीतभर ओरखडा काढला. मुलगी रविवारी संध्याकाळी यायची होती. तिला कळलं तर किल्ली परत द्यावी लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी त्यांनी ओरखडा घासून रंग मारला, तो बरा बसला. राहिला वरचा चकचकीत थर, म्हणजे क्लिअर कोट. त्याचा स्प्रेचा डबा देताना रंगाच्या दुकानदारानं बजावलं होतं, "मास्टर, दोन हात मारायचे. आणि मधे हात लावायचा नाही." मास्टर हसले होते. त्यांचा धंदाच हात लावण्याचा. कापड अंगठा आणि बोट यांच्यात धरल्याशिवाय त्यांना काही कळतच नसे.

पहिला हात त्यांनी फार जवळून मारला. बॉनेटवरून जाडजूड ओघळ सुटला, पोराच्या नाकातून सुटतो तसा. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, दोन दिवस वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा. दोन दिवस कुठून आणायचे? मास्टरांनी लगेच घासायला घेतलं. अर्धवट ओल्या थराच्या मळासारख्या वळ्या निघाल्या. त्या पुसायला थिनरचा बोळा फिरवला, तर कालचा रंगही सुरकुतला आणि सालासारखा निघून आला. चिंधी बोटांना चिकटली, बोटं मिशीला चिकटली. एक माशी येऊन बॉनेटवर बसली. ती उचलली तर तिचा पाय मागेच राहिला. माशीची किळस, वासाची किळस, आपल्या हातांची तर सगळ्यात जास्त.

बायको चहा घेऊन आली, बॉनेट बघून दारातच थांबली. "अहो, तिला सरळ सांगून टाका ना," म्हणाली. मास्टरांना त्या सल्ल्याचाही उबग आला. चहावर साय धरली होती. त्यांनी कप तसाच परत दिला.

दुपारपर्यंत त्यांनी खराब झालेलं सगळं काढलं, पुन्हा घासलं, पुन्हा रंग मारला. या खेपेला क्लिअर कोट हातभर लांबून, दम धरून मारला. मधे पाऊण तास बॉनेटकडे पाठ करून बसले. दुसरा हात मारला तेव्हा चार वाजायला आले होते, आणि बॉनेट असं काही चमकलं की मास्टर खूश झाले. ते जवळ गेले. वाळलं का, एवढंच बघायचं होतं. कापडाचा पोत बघावा तसा अंगठा आपसूक टेकला आणि चिकटून निघाला. बॉनेटच्या मधोमध त्यांचा अंगठा उमटला, आडव्या व्रणासकट.

तेवढ्यात फाटक वाजलं. मास्टरांनी हात थिनरनं पुसले, तरी चिकट राहिलेच.

मुलगी बॅग घेऊन सरळ मागेच आली. वास कसला, तिनं विचारलं. शेजारी खिडक्या रंगवतायत, मास्टर म्हणाले. गाडी नेली होती का, तिनं पुढे विचारलं.

"छे, हातसुद्धा लावला नाही."

आयुष्यभर त्यांनी खोटारड्या गिऱ्हाइकांचा तिटकारा केला होता. स्वतः जाड व्हायचं आणि माप चुकलं म्हणायचं. असला माणूस दुकानातून गेला की मास्टर टेपसुद्धा पुसून ठेवत. आता आपलाच आवाज त्यांना तसाच ऐकू आला.

मुलगी बॉनेटवर वाकली. मग तिनं बाबांचा उजवा हात धरून अंगठा वर केला. तिच्या शाळेचा गणवेश शिवताना मशीनची सुई त्यातून आरपार जाऊन तो आडवा व्रण राहिला होता. पट्टी तिनंच बांधली होती.

"ओरखड्याचं मला काही नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "गाडीच आहे, लागायचंच. पण तुम्ही तुमच्या त्या गिऱ्हाइकांसारखं माझ्याशी खोटं बोललात."

गाडी गॅरेजला देते, म्हणाली. किल्लीचं तर नावही काढलं नाही. मास्टरांनी स्वतःच ती खिशातून काढली आणि पुढे केली. पण किल्ली सुटेना. ती त्यांच्या अंगठ्याला चिकटून बसली होती. शेवटी मुलीनंच नखानं हळूहळू ती सोडवून घेतली.